रिव्हर्सची टीं-टीं: आधार की वाईट सवय?

मानवळवा: परवा सोसायटीत गाडी मागे घेताना बोर्डाच्या बारीक लोखंडी पाइपवर बंपर दाबला. मागे काही आलं की टीं-टीं करणारा सेन्सर गप्प. ओरडला तोवर बंपर आत गेला होता. माझं स्पष्ट मत: या टीं-टींमुळे आपण मान वळवायचंच विसरलो. नवख्यांनी तर पहिलं वर्षभर ती बंद ठेवावी.

गॅरेजकाका: त्यात सेन्सरचा दोष कमीच. बंपरवरची ती गोल टिकली साधारण ४० किलोहर्ट्झचा, आपल्याला ऐकू न येणारा आवाज सोडते आणि तो किती वेळात परत आला त्यावरून अंतर काढते. भिंत १ मीटरवर असेल तर जाऊन यायला जेमतेम ६ मिलिसेकंद. सपाट भिंतीवरून आवाज सरळ परततो. बारीक गोल पाइप, जाळीचं कुंपण, तिरका पत्रा यांवरून भलतीकडे निघून जातो. वाढलेलं गवत किंवा कापडी कव्हर घातलेली स्कूटर असली तर तो पिऊनच टाकते. उलट टिकलीवर चिखल बसला, की मागे काही नसताना केकाटायचा. पावसाळ्यात अशा गाड्या घेऊन लोक येतात, मी ओलं फडकं मारतो आणि पैसे घ्यायची लाज वाटते. पण बंद ठेवा? छे! १ जुलै २०१९ पासून नव्या मोटारींना मागचे सेन्सर सक्तीचे झालेत ते उगाच नाही.

मानवळवा: सक्तीचा म्हणजे पुरेसा, असं कुठे आहे काका?

निवृत्तबाई: मानवळवा, तुमचं नाव वाचूनच मान दुखली! मी ६४ वर्षांची, स्पाँडिलायटिस आहे. कॅमेरा बसवला म्हणून गाडी पुन्हा हातात घेतली, नाहीतर लेकाच्या सुट्टीची वाट बघा. वॉचमन "येऊ द्या, येऊ द्या" करत नेमका आरशात न दिसणाऱ्या कोपऱ्यात उभा राहतो. आणि बंपरला लागून बसलेलं पोर मागच्या काचेतून तुमच्या वळवलेल्या मानेला तरी दिसेल का?

मानवळवा: पोराचा मुद्दा बिनशर्त मान्य.

चढउतार: बाई, कॅमेऱ्याच्या पडद्यावर अंतर दाखवणाऱ्या रंगीत रेघांवर मात्र जीव टाकू नका. त्या जमीन सपाट धरून आखलेल्या असतात. मागे चढ असेल, म्हणजे आमच्या तळघराच्या रॅम्पसारखा, तर वस्तू असते त्याहून लांब दिसते. टेम्पोच्या पाठीमागे लावताना तर खरी गंमत. रेघा बघाव्यात तर टेम्पोची चाकं अजून लांब आणि फाळका तुमच्या काचेला टेकायला आलेला! सेन्सर खाली बंपरात, फाळका त्याच्या डोक्यावर. दोघंही एकदम फसतात.

गॅरेजकाका: शंभर टक्के. डिकीचं दार चेपलेलं आणि बंपरला ओरखडाही नाही, अशी गाडी आली की मी विचारतोच, "टेम्पो का?"

गल्लीबोळ: स्टिअरिंग आपोआप फिरवणारी गाडी घ्या ना मग. टोयोटानं २००३ मध्येच जपानात प्रियसमध्ये दिलं होतं ते. फक्त तिला गाडीच्या लांबीपेक्षा बरीच जास्त मोकळी जागा लागते. ती आमच्या गल्लीत सापडली तर तिथे मीच राहायला जाईन.

निवृत्तबाई: चढउतार, फाळक्याचं लक्षात ठेवते. टेम्पो दिसला की उतरून बघेन, त्यात कसला कमीपणा. पण टीं-टीं बंद करणार नाही.

मानवळवा: बरं, नवख्यांनी बंद ठेवावी हे वाक्य मागे घेतो.

निवृत्तबाई: घ्या मागे. येऊ द्या, येऊ द्या...