मस्कतला जातोय: हवियत नज्म बघावं की तावी अतैर?

कातळकन्या (रत्नागिरी)
भाऊ मस्कतला नोकरीला आहे. दिवाळीच्या सुट्टीत आई, मी आणि लेक जाणार. लेकीला चुनखडीतलं खरंखुरं विवर बघायचंय. ओमानमधली अशी दोन विवरं ऐकली आहेत, हवियत नज्म आणि तावी अतैर. आमच्या सड्यावर (जांभ्याच्या कातळपठारावर) पावसाचं पाणी एका भोकात गुडूप होतं आणि खाली पऱ्यात (ओढ्यात) निघतं, तेही तसलंच असं ती म्हणते. आईचे गुडघे दुखतात. काय सुचवाल?

वाडीकर
ताई, आई बरोबर आहेत तर हवियत नज्मच करा. मस्कत–सूर रस्त्यालगत आहे. तोंड साधारण ७० बाय ५० मीटर, तळाशी हिरवंनिळं पाणी आणि समुद्र जेमतेम अर्ध्या किलोमीटरवर, त्यामुळे गोडं आणि खारं पाणी आत मिसळतं. उतरायला पायऱ्या आहेत, पण आईंना वर कठड्याशीच बसवा, तिथूनही छान दिसतं. पाण्यात पाय सोडले की बारके मासे तळव्याला टोचू लागतात. मुली तासभर उठत नाहीत! शुक्रवार-शनिवार टाळा, तिथे तेव्हा सुट्टी असते.

तारा पडून हा खड्डा झाला, असं तिथले लोक सांगतात. खरं तर पोटातली चुनखडी विरघळली आणि वरचं छप्पर खाली बसलं.

जांभा_दगड
पडलेल्या ताऱ्याची खूण बघायची तर आपलं लोणार आहे, बेसॉल्टमध्ये अशनी आदळून झालेलं, १.८ किलोमीटर व्यासाचं.

लेकीची शंका मात्र फार चांगली आहे. पावसाच्या पाण्यात कार्बन डायऑक्साइड मिसळून ते किंचित आम्ल होतं आणि चुनखडी विरघळवतं. तुमच्या सड्यावरच्या जांभ्याचं तसं नाही. वरचा कातळ टणक, खालची माती मऊ. पाणी ती माती धुऊन नेतं, आत बोगदा होतो, मग कधीतरी वरचा थर ढासळतो. दिसायला सारखं, घडण वेगळी. तुमच्या त्या भोकाच्या काठावर तिला उभी राहू देऊ नका, खाली पोकळ असू शकतं. आणि वाडीतल्या कुणाला त्यात कचरा टाकू देऊ नका, तेच पाणी पुढे पऱ्याला जातं.

सलालावाला
तावी अतैर २११ मीटर खोल आहे, बघावंच असं. पण ते सलालाच्या बाजूला, मस्कतहून हजारेक किलोमीटर. विमानाने वेगळे दोन-तीन दिवस काढा. पावसाळ्यात तिथे डोंगरावर दाट धुकं असतं, त्या मानाने दिवाळी बरी.

कातळकन्या
सगळ्यांचे आभार. यंदा हवियत नज्म ठरलं. भावाला रविवारी रजा टाकायला सांगते. भोकाभोवती काटेरी कुंपण घालायचं वाडीच्या बैठकीत काढतेच.