मदत हवी आहे : डायलिसिसच्या पेशंटला पाण्याचा हिशेब कसा शिकवावा?

नमस्कार मंडळी. हीमोडायलिसिसच्या पेशंटने आपली काही कामं स्वतः करावीत, यासाठी मराठीत प्रशिक्षण बसवतोय. इंग्लंडात यॉर्कशायरच्या 'शेअर्ड केअर' पद्धतीत अशी 14 कामं आहेत, हात धुण्यापासून सुया टोचण्यापर्यंत. पेशंटने झेपतील तेवढीच घ्यायची.

फिस्टुलाची (सुया टोचण्यासाठी हातात शस्त्रक्रियेने जोडून केलेली रक्तवाहिनी) थरथर रोज बोटांनी तपासणं लोक पटकन शिकतात. सुई काढल्यावर गॉज दाबून धरणंही जमतं. फक्त मध्येच उचलून बघायचा मोह आवरत नाही आणि रक्त पुन्हा सुरू होतं.

अडतंय ते मशीनने अंगातलं जादा पाणी काढण्याच्या हिशेबापाशी. ड्राय वेट (अंगात जादा पाणी नसतानाचं वजन) 58 किलो, आजचं 60.4, म्हणजे 2.4 लिटर. शेवटी रक्त परत देतानाचं सलाइन आणि मधला चहा मिळून 300 मिली धरले की 2.7. चार तासांत तासाला 675 मिली, म्हणजे वजनाच्या किलोमागे तासाला साधारण 11.6 मिली; 13च्या मर्यादेच्या आत, म्हणजे ठीक. पण चपला-मोबाइलसकट वजन केलं की जास्त पाणी निघतं, पायात गोळे येतात, बीपी पडतं. चहा विसरला तर तेवढं पाणी अंगातच राहतं.

दशांश न समजणाऱ्यांसाठी कुणी तयार तक्ता किंवा रंगीत पट्टी वापरली आहे का? आणि नर्सना हात मागे बांधून नुसतं बघायला कसं शिकवलंत? गर्दीच्या पाळीत त्या स्वतःच बटणं दाबून मोकळ्या होतात (दोष त्यांचा नाही, पुढचा पेशंट दारात असतो). एक काम किती वेळा बिनचूक झाल्यावर 'आता पेशंटने एकट्याने करावं' अशी सही तुम्ही देता?