प्रति: क्लोरीनची संयुगं फक्त कारखान्यातलीच?
'निसर्गात क्लोरीनयुक्त सेंद्रिय (म्हणजे कार्बनची) संयुगं नसतातच' हे वरचं विधान पटलं नाही. हवेतला क्लोरोमिथेन वायू हे असंच एक संयुग, ते मुख्यतः उष्ण प्रदेशातली झाडं, समुद्र, लाकूड कुजवणारी बुरशी यांतून येतं. आमच्याकडे उसाचं पाचट पेटवतात त्या धुरातूनही. डीडीटी हे कीटकनाशक आणि पीसीबी ही ट्रान्सफॉर्मरच्या तेलात वापरलेली रसायनं मात्र माणसाचीच करणी, त्यात वाद नाही.

पण अर्धं निसर्गाचं, अर्धं आपलं असंही असतं, ते इथे कुणी मांडलं नाही. सोलापूरला उजनीचं पाणी येतं. उन्हाळ्यात धरण खाली गेलं की त्यात शेवाळ माजतं. पाण्यातल्या अशा सेंद्रिय अंशाशी जंतू मारायला टाकलेल्या क्लोरीनचा संयोग झाला की क्लोरोफॉर्म हे घातक संयुग तयार होतं. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात त्याची मर्यादा लिटरला ०.२ मिलिग्रॅम आहे. म्हणून क्लोरीनच नको असं कृपा करून कुणी म्हणू नका, कॉलरा आणि कावीळ हा फार मोठा धोका आहे. शेवाळ, गाळ आधी नीट काढून मग क्लोरीन द्यायला हवा, आग्रह त्याचा धरूया. आमच्या घरी पाणी उघड्या पातेल्यात, खिडकी उघडी ठेवून उकळतो. क्लोरोफॉर्म साधारण ६१ अंशांनाच उकळतं, त्यामुळे बरंचसं उडून जातं.