खुर्चीच्या आधाराने केलेली आसनेही आसनेच

सत्तरीनंतर जमिनीवर मांडी घालता येत नसेल, तर योगवर्गाला जाऊन काय उपयोग, असा प्रश्न काही जणांना पडतो; त्याबाबत थोडे सांगतो. पुण्यात योगगुरू बी. के. एस. अय्यंगार यांनी खुर्ची, पट्टा, लोड आणि भिंतीवरचे दोर यांच्या आधाराने आसने करण्याची पद्धत रुजवली, त्यामुळे गुडघे न वाकणाऱ्यांनाही सुरक्षितपणे सराव करता येतो.

माझ्या मते या वयात लवचिकतेपेक्षा तोल अधिक महत्त्वाचा आहे. खुर्चीची पाठ धरून एका पायावर उभे राहणे किंवा हातांचा आधार न घेता खुर्चीतून सावकाश उठणे, अशा साध्या सरावाने मांड्या व घोटे बळकट होतात आणि पडण्याचा धोका कमी होतो. उतारवयात खुब्याचे हाड मोडणे किती महागात पडते, हे अनेक घरांनी अनुभवले आहे. एकट्या राहणाऱ्यांना वर्गातील सोबतही मोलाची वाटते.

मात्र हाडे ठिसूळ असल्यास खोलवर पुढे वाकणे, काचबिंदू असल्यास डोके खाली जाणारी आसने आणि उच्च रक्तदाब असल्यास श्वास रोखून धरणे कटाक्षाने टाळावे, आणि आपले आजार शिक्षकांना पहिल्याच दिवशी सांगावेत.