शू-ट्री : नंबर जुळूनही न बसण्याचे कारण

शू-ट्री म्हणजे बूट वापरात नसताना त्याचा आकार टिकावा म्हणून आत घालायचा लाकडी साचा. आठ नंबरच्या ऑक्सफर्ड बुटासाठी आठ नंबरचीच शू-ट्री मागवली, तरी ती टाचेकडे अडते आणि चवड्यात मात्र सैल राहते, अशी एका वाचकाची तक्रार आहे. बुटाचा आकार तो ज्या कलबुतावर (बूट बनवताना वापरायच्या पायाच्या आकाराच्या ठोकळ्यावर) बेतला जातो त्यावरून ठरतो, आणि नंबर एकच असला तरी निमुळत्या व गोल टोकाच्या कलबुतांत बराच फरक असतो. इंग्लंडमधील नॉर्दम्प्टनचे काही उत्पादक आपापल्या कलबुतांना जुळणाऱ्या शू-ट्री विकतात. त्या उत्तम बसतात, पण किंमत ऐकून आपण दुसरा बूटच घेतो आहोत की काय असे वाटते.

तेवढा खर्च नको असल्यास चवड्याचा भाग मधोमध दुभंगलेली, स्प्रिंगने रुंदावणारी आणि टाचेचा ठोकळा भरीव असलेली शू-ट्री पाहावी. स्प्रिंगच्या टोकाला नुसती गोटी असलेली स्वस्त शू-ट्री मी तरी वापरणार नाही, कारण तिचा सगळा दाब टाचेमागे एकाच जागी येऊन तिथले कातडे फुगते. दोन मापांत अडल्यास लहान घ्यावे. चवड्यावरच्या सुरकुत्या सपाट व्हाव्यात, बूट ताणला जाऊ नये.

लाकूड बिनवॉर्निशचेच हवे, कारण शू-ट्रीसाठी वापरले जाणारे सीडर हे सुगंधी लाकूड वॉर्निश चढल्यावर ओल शोषत नाही. कोकण-मुंबईच्या पावसाळ्यात मात्र शू-ट्री घालूनही बूट बंद कपाटात ठेवल्यास बुरशी येऊ शकते, म्हणून ते हवेशीर जागीच ठेवावेत.