राबाईचं मिशन नक्की कोणी उभं केलं?

गोदाकाठ

आफ्रिकेतल्या मिशनऱ्यांचा विषय निघाला की वाद दोन गोऱ्या माणसांभोवतीच फिरतो, एक देवमाणूस आणि दुसरा साम्राज्याचा हस्तक. केनियातल्या मोंबासा बंदराच्या आतल्या बाजूला टेकडीवर राबाई नावाचं गाव आहे. तिथल्या मिशनचा इतिहास या दोन्ही साच्यांत बसत नाही, म्हणून हा धागा.

क्राप्फ हा जर्मन मिशनरी 1844 मध्ये मोंबासाला आला आणि त्याच जुलैत त्याची बायको आणि नवजात मुलगी दगावली. 1846 मध्ये रेबमान हा दुसरा जर्मन मिशनरी येऊन मिळाला आणि दोघांनी राबाईत बस्तान मांडलं, तेही अंगात ताप असताना. 1848 मध्ये रेबमानने किलिमांजारोच्या माथ्यावर बर्फ पाहिलं, तर लंडनच्या एका भूगोलतज्ज्ञाने त्याला खोट्यात काढलं. एरवी त्याचे दिवस गावकऱ्यांशी बोलण्यात आणि शब्द टिपण्यात जात. न्यासा सरोवराकडच्या सालिमिनी नावाच्या एका गुलामाकडून ऐकून ऐकून त्याने अख्खा शब्दकोश तयार केला. 1875 मध्ये दृष्टी गेल्यावर तो मायदेशी परतला, तेव्हा इतक्या वर्षांत झालेले ख्रिस्ती बोटांवर मोजण्याइतके होते.

मला सांगायचंय ते त्याच्या मदतीला गेलेल्या माणसांबद्दल. 1864 मध्ये विल्यम जोन्स आणि इश्माएल सेमलर राबाईला गेले, ते आपल्या नाशिकच्या शरणपूरहून. अरबी समुद्रात इंग्रज आरमाराने गुलामांची गलबतं पकडली की सुटका झालेली आफ्रिकन मुलं मुंबईला उतरवली जात. त्यातली बरीच शरणपूरच्या मिशनमध्ये वाढली, लोहारकाम-सुतारकाम शिकली. ज्या किनाऱ्यापलीकडे आपल्याला विकलं, तिथे ही माणसं धर्मोपदेशक म्हणून परत गेली. राबाईचं खरं मिशन यांचं आहे, असं माझं ठाम मत आहे.

तर्कशुद्ध

असहमत. आईबापांपासून तोडलेलं लहान मूल परक्या देशात वाढतं, त्याला नवं नाव आणि नवा देव मिळतो, आणि मोठं झाल्यावर त्याला त्याच संस्थेच्या कामावर पाठवलं जातं. याला श्रद्धा म्हणण्याआधी विचारा, त्याला दुसरा पर्याय होता का?

आणि फ्रीरटाउनचं काय? मोंबासासमोरच्या किनाऱ्यावरची ही वस्ती 1875 च्या सुमारास वसली. नाव मुंबईचे माजी गव्हर्नर बार्टल फ्रीअर यांचं आणि वसवणारे प्राइससाहेब शरणपूरचेच. घंटा वाजली की प्रार्थना, घंटा वाजली की काम. पुढे तिथल्या गोऱ्या अधीक्षकाची वस्तीतल्या लोकांना फटके मारण्यापर्यंत मजल गेली, त्याची ओरड झाली, चौकशी झाली. ज्यांना गुलामीतून सोडवलं त्यांच्याच पाठीवर वळ! याबद्दल तुमच्या लेखात एक ओळ नाही.

गोदाकाठ

फटक्यांचं समर्थन मी करणार नाही, कोणीच करू नये. पण फ्रीरटाउनवरून राबाई मोजू नका.

राबाईला पळून आलेले गुलाम येत. किनाऱ्यावरच्या मालकांचा त्यांच्यावरचा हक्क तेव्हा कायद्याने शाबूत होता आणि पळालेल्यांना ठेवून घेऊ नका असं मिशनचं अधिकृत धोरण होतं. जोन्सच्या राबाईत मात्र त्यांना थारा मिळाला. माणसं राहिली, झोपड्या बांधल्या, मका आणि कसावा लावला, रविवारी देवळात बसू लागली. 1888 पर्यंत त्यांची संख्या इतकी वाढली की मालक मंडळी चवताळली. शेवटी ब्रिटिश ईस्ट आफ्रिका कंपनीने मालकांना पैसे मोजले आणि 1 जानेवारी 1889 ला सुमारे 1,400 जणांना मुक्तीचे कागद मिळाले.

वरून हुकूम एक आणि हा माणूस करतोय भलतंच. संस्थेच्या तालावर नाचणारा असता तर त्याने पहिल्याच रात्री दार लावून घेतलं असतं.

तर्कशुद्ध

पैसे मालकांना मिळाले, गुलामांना नाही, हेही लिहा. कंपनीला व्यापारासाठी किनारा शांत हवा होता. आणि तुमच्या जोन्स-सेमलरना डीकन, म्हणजे पाद्रीपदाची पहिली पायरी, केलं 1885 मध्ये. म्हणजे राबाईला जाऊन 21 वर्षं झाल्यावर! कोवळा गोरा पाद्री बोटीतून उतरला की त्यांचा साहेब. जी संस्था स्वतःच्या माणसाला इतकी वर्षं उंबऱ्यावर उभं ठेवते, तिच्या धर्माची थोरवी कशी गायची?

पाणवठा

नैरोबीत राहते, म्हणून थोडं वेगळं लिहिते. तुम्ही दोघंही राबाईच्या मूळ लोकांना विसरलात. तिथल्या मिजिकेंडा लोकांची पवित्र वनं आहेत, त्यांना काया म्हणतात. 2008 मध्ये युनेस्कोने ती जागतिक वारशात घेतली, राबाईच्या कायाही त्यात आहेत. क्राप्फला राहायला जागा दिली ती याच लोकांच्या वडीलधाऱ्यांनी. पाहुण्याचं ऐकून घेतलं, आणि बहुतेकांनी आपला देव सोडला नाही. रेबमानच्या पदरी माणसं पडली नाहीत याला अपयश का म्हणायचं? त्यांनी विचारपूर्वक नाही म्हटलं असेल. मिशन वाढलं ते मुख्यतः बाहेरून आलेल्या, घरदार तुटलेल्या माणसांमुळे. त्यांना गाव हवं होतं आणि मिशनने ते दिलं, हे मात्र मला मोठं वाटतं.

गोदाकाठ

पाणवठा, हा मुद्दा पटला. जोन्सला हे कळत असणार, कारण तो स्वतः तसाच तुटलेला होता.

तर्कशुद्ध, 21 वर्षांबद्दल तुमचा राग योग्य आहे. पण तो संस्थेवर काढा. त्याच 1885 मध्ये बिशप हॅनिंग्टन आजच्या युगांडातल्या बुसोगात मारला गेला, तेव्हा मागे थांबलेल्या ताफ्यातल्या माणसांना शेकडो मैल चालवत राबाईला परत आणलं ते जोन्सनेच. ही नाशिककर माणसं साहेबांच्या सावलीत ठेवण्याजोगी नव्हती.

तर्कशुद्ध

जोन्स मोठा होता, मान्य. पण त्याच्या मोठेपणाचं श्रेय मिशनच्या खात्यात जमा करू नका, मी इतकंच म्हणतोय. आणि शरणपूरवर लिहाल तेव्हा तिथे शिकलेल्या मुलींबद्दलही लिहा. त्यातल्या किती आफ्रिकेला गेल्या, तिथे त्यांनी काय केलं, हे मला वाचायचंय.