ॲट्रिअसच्या घराण्याचा मूळ शाप नेमका कोणाचा?

उंबरठा (धागाकर्ता):

नमस्कार. प्राचीन ग्रीक नाटककार एस्किलसची ‘ओरेस्टिया’ ही नाट्यत्रयी अनुवादातून नुकतीच वाचून संपवली. पात्रांची नाती लक्षात राहावीत म्हणून वंशावळ कागदावर मांडायला बसलो आणि तिथेच अडकलो. टँटलसने देवांची परीक्षा पाहण्यासाठी पोटच्या मुलाला, म्हणजे पेलॉप्सला, कापून शिजवले आणि देवांच्या पानात वाढले. देवांनी पेलॉप्सला पुन्हा जिवंत केले. पुढे ओनोमॉस राजाची मुलगी हिप्पोडामिया रथाच्या शर्यतीत जिंकण्यासाठी पेलॉप्सने राजाचा सारथी मर्टिलस याला फितवले, चाक आसावर धरून ठेवणारी खीळ काढून तिथे मेणाची बसवायला लावली आणि काम झाल्यावर त्या सारथ्यालाच समुद्रात लोटले. मर्टिलसने मरता मरता शाप दिला. पेलॉप्सचे मुलगे ॲट्रिअस आणि थायेस्टीस. थायेस्टीसने भावाच्या बायकोशी संबंध ठेवले, तेव्हा ॲट्रिअसने समेटाच्या निमित्ताने त्याला जेवायला बोलावून त्याच्याच मुलांचे मांस खाऊ घातले, आणि थायेस्टीसनेही घराण्याला शाप दिला. त्यानंतर ॲट्रिअसचा मुलगा ॲगमेम्नॉन याने मुलीचा बळी दिला, क्लायटेमनेस्ट्राने नवऱ्याला मारले आणि ओरेस्टीसने आईला.

माझे प्रश्न दोन आहेत. या सगळ्याचे मूळ टँटलसच्या अपराधात आहे, मर्टिलसच्या शापात की थायेस्टीसच्या? आणि सर्व काही शापानेच घडत असेल, तर कोणत्याही एका पात्राला दोषी धरण्यात अर्थ तो काय उरतो?

जुनी वही:

तुमची वंशावळ बरोबर आहे, परंतु ती ज्या क्रमाने कागदावर उतरली त्याच क्रमाने कथा घडत गेली, असे मानू नये. ही साखळी उशिरा आणि वेगवेगळ्या हातांनी जोडली गेली आहे.

सर्वांत जुना साक्षीदार महाकवी होमर. ‘इलियड’च्या दुसऱ्या सर्गात ॲगमेम्नॉन राजदंड घेऊन उभा राहतो, तेव्हा कवी त्या दंडाचा इतिहास सांगतो: हेफेस्टसने तो घडवला, झ्यूसला दिला, झ्यूसने हर्मिसला, हर्मिसने पेलॉप्सला, पेलॉप्सने ॲट्रिअसला, ॲट्रिअसने मरताना तो थायेस्टीसकडे ठेवला आणि थायेस्टीसने ॲगमेम्नॉनकडे सोपवला. भावाभावांत वैर असल्याची पुसटशी खूणही त्या ओळींत नाही. मुलांचे मांस खाल्लेल्या माणसाने त्याच शत्रूच्या मुलाला राजदंड सुखासुखी दिला असता का? होमरला ती कथा ठाऊक नव्हती की त्याने ती मुद्दाम बाजूला ठेवली, यावर वाद घालता येईल. पण त्याच्या काव्यात शाप नाही, हे खरे. ‘ओडिसी’च्या अकराव्या सर्गात टँटलस भेटतो, हनुवटीपर्यंत पाण्यात उभा आणि तरी तहानलेला, मात्र त्याचा अपराध कोणता हे कवी सांगतच नाही.

पिंडार या ग्रीक कवीने तर इ. स. पू. ४७६च्या विजयगीतात मुलाला शिजवल्याची कथा सरळ नाकारली. पेलॉप्सला समुद्रदेव पोसायडनने प्रेमापोटी उचलून नेले आणि तो दिसेना झाल्यावर कोणा मत्सरी शेजाऱ्याने ती अफवा पसरवली, असे तो म्हणतो. त्याच्या मते टँटलसचा गुन्हा म्हणजे देवांचे अमृत आणि दिव्य अन्न चोरून सोबत्यांना वाटणे. शर्यतही पेलॉप्स पोसायडनने दिलेल्या घोड्यांच्या बळावर जिंकतो. तिथे फितुरी नाही आणि मेणाची खीळही नाही.

आता आपण वाचलेल्या ‘ओरेस्टिया’कडे पाहा. तिच्यात मर्टिलस कुठेच येत नाही. ॲगमेम्नॉनने ट्रॉयहून आणलेली बंदिवान भविष्यवादिनी कॅसँड्रा राजवाड्याच्या दारात उभी राहून जे पाहते ती थायेस्टीसची मुले आहेत, स्वतःचेच मांस हातात धरून बसलेली. एस्किलससाठी मूळ तिथे आहे. सोफोक्लीसने ‘इलेक्ट्रा’मध्ये मर्टिलसच्या मृत्यूपासून दुर्दैव मोजले आहे. तेव्हा पहिल्या प्रश्नाचे उत्तर कोणाचे नाटक हाती आहे त्यावर ठरते.

शिलालेख:

वरील प्रतिसादाशी सहमत. फक्त एक धागा राहिला, तो जोडतो, कारण दुसरे शापित राजघराणे, थीबीसचे, याच घराण्यातून शापाची देणगी घेऊन गेले आहे. थीबीसचा लायस निर्वासित असताना पेलॉप्सच्या घरी पाहुणा म्हणून राहिला आणि पेलॉप्सचा मुलगा क्रिसिपस याला त्याने पळवून नेले. तेव्हा पेलॉप्सने त्याला निपुत्रिक राहण्याचा किंवा पोटच्या मुलाच्या हातून मरण्याचा शाप दिला, अशी कथा आहे. लायसचा मुलगा इडिपस, हे सर्वांना ठाऊक आहेच.

गंमत अशी की, सोफोक्लीसच्या ‘राजा इडिपस’मध्ये क्रिसिपसचे नावही नाही. लायसला मिळालेली देववाणी तिथे कारणाविना येते, आणि माझ्या मते ते नाटक इतके भयंकर वाटण्याचे एक कारण हेच आहे. एस्किलसने इ. स. पू. ४६७ मध्ये सादर केलेल्या ‘थीबीसवर चालून आलेले सात’ या नाटकात मात्र स्पष्ट म्हटले आहे की, अपोलो देवाने लायसला तीन वेळा बजावले होते: नगर वाचवायचे असेल तर मूल होऊ देऊ नकोस. त्याने ऐकले नाही. म्हणजे एस्किलसच्या लेखी घराण्याच्या दुर्दैवाची सुरुवात एका माणसाच्या हट्टातून होते.

शाप किती क्षुल्लक निमित्ताने दिला जातो, हे पाहायचे असेल तर ‘थीबेड’ या महाकाव्याचे उरलेले तुकडे वाचावेत. एका तुकड्यात इडिपसचा मुलगा पॉलिनायसीस आंधळ्या बापापुढे घराण्याचा मूळपुरुष कॅडमस याचे चांदीचे मेज मांडतो आणि सोन्याच्या पेल्यात मद्य ओततो. त्या वस्तू आपल्या बापाच्या आहेत हे ओळखून इडिपसच्या मनात कळ उठते आणि तो दोन्ही मुलांना शाप देतो. दुसऱ्या तुकड्यात मुलगे त्याला यज्ञातल्या पशूच्या खांद्याऐवजी मांडीकडचा भाग पाठवतात. तो वाटा उतरत्या मानाचा आहे हे जाणून तो मांस जमिनीवर फेकतो आणि ‘एकमेकांच्या हातून मरा’ अशी प्रार्थना देवांना करतो. पुढे सात दरवाजांवर जे युद्ध झाले, ज्यात इटिओक्लीस आणि पॉलिनायसीस एकमेकांना मारून पडले आणि ज्याच्या पाठोपाठ त्यांची बहीण अँटिगनी गेली, त्याचे बीज ताटातल्या एका तुकड्यात आहे. म्हाताऱ्या बापाचा मान ठेवला की नाही, इतक्याच गोष्टीवरून!

दीपमाळ:

दुसऱ्या प्रश्नाबद्दल लिहिते. शाप आणि दोष यांपैकी एकच खरे असले पाहिजे, हे गृहीतक एस्किलसला मान्य नाही, आणि ते त्याने दोन ठिकाणी अगदी बारकाईने दाखवले आहे.

पहिले ठिकाण म्हणजे ऑलिसचा किनारा, जिथून ग्रीक सैन्य ट्रॉयवर निघायचे आहे. वारे प्रतिकूल आहेत, जहाजे खोळंबली आहेत आणि आर्टेमिस देवी बळी मागते आहे. ॲगमेम्नॉन म्हणतो की, आज्ञा मोडणे जड आहे आणि मुलीच्या रक्ताने हात भरणेही जड आहे. त्यानंतर वृंद, म्हणजे नाटकातला गाणारा समूह, म्हणतो की, त्याने अपरिहार्यतेचे जू चढवले. या ओळीतले मूळ क्रियापद एखाद्याने वस्त्र किंवा चिलखत अंगात घालावे त्या अर्थाचे आहे. जू बाहेरून आलेले आहे, पण मान त्यात त्याने स्वतः घातली आहे. त्याच क्षणापासून त्याची बुद्धी फिरली, असे वृंद पुढे सांगतो.

दुसरे ठिकाण हत्येनंतरचे. न्हाणीत वस्त्राच्या जाळ्यात गुंतवून नवऱ्याला मारल्यावर क्लायटेमनेस्ट्रा प्रेतापाशी उभी राहून आधी अभिमानाने सांगते की, हे माझे कृत्य आहे. थोड्याच वेळात ती भूमिका बदलते: मला ॲगमेम्नॉनची बायको म्हणू नका, ॲट्रिअसच्या त्या मेजवानीचा सूड घेणारा जुना पिशाच्चच माझ्या रूपाने आला आहे. वृंदाचे उत्तर असे की, तू या खुनात निर्दोष आहेस अशी साक्ष कोण देईल? मात्र तो पिशाच्च तुझा साथीदार असू शकेल. साथीदार हा शब्द नीट तोलून वापरला आहे. साथीदार आहे म्हणून मुख्य आरोपी सुटत नाही.

म्हणूनच तिसऱ्या नाटकात प्रकरण न्यायालयात जाते. इ. स. पू. ४५८ मध्ये ही त्रयी सादर झाली, तेव्हा अथेन्समधल्या ॲरिओपॅगस या जुन्या सभेचे बरेचसे अधिकार काढून घेऊन चारच वर्षे होत होती आणि तिच्याकडे मुख्यतः खुनाचे खटले उरले होते. त्याच सभेपुढे ओरेस्टीस उभा राहतो. मते समसमान पडतात आणि अथीना देवीच्या मतामुळे तो सुटतो. आईचा खून त्याने केला की नाही, यावर वाद होतच नाही. तो स्वतःच कबूल करतो. सूडाला सूड हे सत्र कोणी आणि कसे थांबवायचे, एवढेच ठरते.

अवांतर: ॲरिस्टॉटलने ‘काव्यशास्त्रा’त नोंदवले आहे की, कवी आधी हाती येईल ती कथा घेत, पण उत्तम शोकांतिका पुढे मोजक्याच घराण्यांवर रचल्या जाऊ लागल्या. त्याने दिलेल्या नावांत इडिपस, ओरेस्टीस आणि थायेस्टीस आहेत. शापापेक्षा आप्तांनी आप्तांना मारणे हे त्याला नाटकासाठी महत्त्वाचे वाटते.

उंबरठा (धागाकर्ता):

तिघांचेही मनापासून आभार. ‘साथीदार’ या शब्दावरून मी अनुवादात सरळ पुढे गेलो होतो. आज ते पान पुन्हा काढले. एक शंका मात्र उरते. ओरेस्टीसने आईला मारले ते अपोलोच्या आज्ञेवरून. आज्ञा देणारा देव आणि शाप देणारा माणूस यांना एकाच मापाने मोजायचे का? देवावर कोणी बोट ठेवले आहे का?

जुनी वही:

ठेवले आहे, युरिपिडीसने. त्याच्या ‘इलेक्ट्रा’मध्ये राजकन्या इलेक्ट्रा, म्हणजे ओरेस्टीसची बहीण, एका गरीब शेतकऱ्याला दिलेली आहे, डोक्यावर घागर घेऊन ती पाणी भरते, आणि आईला ती बाळंतपणाचे खोटे निमित्त सांगून खोपटात बोलावून घेते. हत्येनंतर भाऊबहीण विजयी दिसत नाहीत. आईने हनुवटीशी हात नेऊन केलेली विनवणी आठवून दोघेही कोसळतात. तेव्हा क्लायटेमनेस्ट्राचे भाऊ, कॅस्टर आणि पॉलिड्यूसीस, देवरूपाने छपरावर प्रकटतात आणि सांगतात की, तिला मिळाले ते न्याय्य होते, पण तू केलेस ते न्याय्य नव्हते. आणि अपोलो शहाणा असला तरी त्याने दिलेली देववाणी शहाणपणाची नव्हती. तो आपला स्वामी आहे म्हणून आपण गप्प बसतो, असेही कॅस्टर म्हणतो.